मुठा नदीतल्या या बारक्या गोगलगायी कसल्या? वेचून काढायच्या का?

एरंडवणेकर_मीरा
मंडळी, इथे नदीवाले, शेतीवाले, मासेवाले सगळेच आहेत म्हणून विचारते. आमचा एक छोटा गट रविवारी सकाळी पुण्यात म्हात्रे पुलाच्या खालच्या अंगाला काठावरचा कचरा वेचतो. पावसाचं पाणी ओसरल्यापासून दगडांवर, थर्माकोलच्या तुकड्यांवर, दुधाच्या पिशव्यांवर, जलपर्णीच्या मुळांत, जिथे हात घालावा तिथे बारक्या गोगलगायी. मोठ्यात मोठी सेंटिमीटरभर. रंग पिवळट तपकिरी, कवच इतकं पातळ की उन्हात धरलं तर आतलं ठिपक्याठिपक्यांचं अंग दिसतं. पिशव्यांना आतून पारदर्शक चिकट गोळे लागलेत, ती बहुधा त्यांची अंडी.

यावरून आमच्यात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, या परदेशी आहेत, नदीची वाट लावतील, पोत्यात भरून जाळा. दुसरीचं म्हणणं, त्या शेवाळ खातात, म्हणजे फुकटात सफाई करतायत, हात लावू नका. मी मधे लटकलेली. या नक्की कोण, आल्या कुठून, आणि वेचून काढण्यात काही अर्थ आहे का? फोटो खाली देतेय. मोबाइलचे आहेत, सांभाळून घ्या.

टवाळ_टिकोजी
डेक्कनपासून चालत जायच्या अंतरावर, नदीकाठी, विनाभाडं, विनाब्रोकर. पत्ता पाठवा, आम्हीही राहायला येतो.

स्वाती_का
वाचतेय. आमच्याकडे बाणेरला राम नदीतही हेच दिसतं.

शंखनाद
मीराताई, दुसरा फोटो चांगला आलाय. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

रिकामा शंख घ्या, टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे उघडत असेल तर लिम्निया, डावीकडे उघडत असेल तर फायसेला अक्युटा. जुन्या पुस्तकांत हिलाच फायसा म्हटलंय. तुमच्या फोटोतले सगळे शंख डावरे आहेत. जिवंत सापडली तर शिंगं बघा. फायसेलाची लांब आणि बारीक असतात, लिम्नियाची रुंद आणि तिकोनी. फायसेलाच्या कवचाला दारही नसतं. आपल्या बऱ्याच देशी पाणगोगलगायी आत शिरल्या की मागून झाकण लावून घेतात, हिची ती सोय नाही.

मूळ उत्तर अमेरिकेतलं. पण शास्त्रात तिची नोंद झाली ती १८०५ साली, फ्रान्सच्या गॅरोन नदीतल्या शंखांवरून, त्यामुळे पुढची जवळपास दोनशे वर्षं लोक तिला युरोपातलीच समजत होते. आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर आहे. प्रवासाचं मुख्य वाहन म्हणजे काचेच्या टाकीत लावायच्या पाणवनस्पती. पानाच्या मागे अंड्यांचा एक पारदर्शक गोळा चिकटलेला असला तरी पुरतो. कारण प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि जोडीदार नाहीच मिळाला तर एकटीच्या जिवावरही अंडी घालते.

मुठेत तिचं इतकं कसं फावलं? ती पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेते. पाण्यात प्राणवायू उरला नाही तरी तिचं फारसं अडत नाही. कल्ले असलेल्या देशी गोगलगायी तिथे गुदमरतात.

तिरकस_जोशी
म्हणजे नदी आपण मारली आणि खटला गोगलगायीवर भरायचा. पुण्याच्या परंपरेला धरून आहे.

भातखाचर
मी पौडच्या पुढचा, मुळशी तालुका. दोन वर्षं झाली, गोगलगायी भाताची रोपं कुरतडतात. कृषी सेवा केंद्रवाल्याने गोळ्या दिल्या, मेटाल्डिहाइड. त्या याच का?

मांजराकाठ_लातूर
नाही भाऊ, तुमची बहुतेक शंखी गोगलगाय असणार. ती जमिनीवरची, मुठीएवढी होते, पाण्यात राहत नाही. आमच्याकडं २०२२ च्या खरिपात सोयाबीनची दोन पानं वर आली की रात्रीत साफ. लातूर, बीड, उस्मानाबाद, तिन्ही जिल्ह्यांत दुबार पेरणीची पाळी आली. बांधाला चुन्याचा पट्टा मारायचा, संध्याकाळी ओली गोणपाटं पसरायची, त्याखाली त्या गोळा होतात, पहाटे उचलून मिठाच्या पाण्यात. एकट्यानं करून उपयोग नाही, शेजाऱ्यानं नाही केलं तर तिकडून येतात. आणि त्या गोळ्या जपून टाका, कुत्र्यानं खाल्ल्या तर मरतं.

हिचं मूळ आफ्रिकेतलं. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली म्हणतात. त्यानं केलं आणि आम्ही निस्तरतोय.

भातखाचर
मुठीएवढ्या नाहीत. बोराएवढ्या, खाचरात पाण्यातच असतात. फोटो काढतो.

काचपेटी
लगेच मत्स्यालयवाल्यांवर गाडी घसरली म्हणून लिहितो. पंचवीसेक वर्षं टाक्या ठेवतोय. आम्हाला ही फायसेला नकोच असते, ती वनस्पतींबरोबर न विचारता येते. हौशी लोक नवीन रोप आणलं की तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवतात, धुतात आणि मगच लावतात. नदीत ओततात ते वेगळे लोक. वाढदिवसाला भेट मिळालेली टाकी, चार महिन्यांत कंटाळा आला, मारवत नाही म्हणून मासे, कासवं, गोगलगायी सगळं घेऊन पुलावर. वर पुण्य कमावल्याचा आनंद. आपल्या तळ्यांत ती लाल कानाची कासवं आली कुठून? सकर मासा उजनीपर्यंत पोचला कसा? मच्छीमारांची जाळी फाटतात त्याच्या काट्यांनी.

दुकानदारही कमी नाहीत. मागे एका दुकानात विचारलं, ही पिवळी मोठी गोगलगाय कुठली? म्हणे इंपोर्टेड आहे, टाकी साफ ठेवते. नाव विचारलं तर म्हणे 'मिस्ट्री'. त्यालाही माहीत नव्हतं, खरंच मिस्ट्री!

टवाळ_टिकोजी
आमच्या ऑफिसातही एक आहे. इंपोर्टेड आहे, काय काम करतो ते मिस्ट्री आहे. कृपया हलके घ्या.

शंखनाद
काचपेटी, तुमच्या मिस्ट्रीवरून आठवलं. पिवळी मोठी म्हणजे पोमेशिया या दक्षिण अमेरिकी गणातली. तिची एक बहीण पोमेशिया कॅनालिक्युलाटा, सोनेरी ॲपल गोगलगाय, १९८० च्या आसपास तैवानमध्ये खाण्यासाठी नेली. चव कुणाला आवडेना, धंदा बसला, लोकांनी पाण्यात सोडून दिल्या. तिथून फिलिपिन्स, व्हिएतनाम, थायलंड, सगळीकडचं भात. लावणीनंतरची कोवळी रोपं पाण्याखालून कापून नेते. स्पेनच्या एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या भातात शिरली तेव्हा युरोपीय संघाने २०१२ मध्ये पोमेशियाच्या अख्ख्या गणाच्या आयातीवर बंदी घातली. पूर्वेकडून ती म्यानमारपर्यंत आलेली आहे.

नुकसान फक्त भाताचं नाही. थायलंडच्या पाणथळ जागांत तिने पाणवनस्पती खाऊन संपवल्या. वनस्पती शोषत होत्या ती पोषकद्रव्यं पाण्यात सुटली, त्यावर सूक्ष्म शेवाळ माजलं, आणि निवळशंख तळी हिरवी गढूळ झाली. 'गोगलगाय शेवाळ खाते म्हणजे सफाई' म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला हे जरूर सांगा. कुठली गोगलगाय, काय खाते आणि किती, यावर सगळं असतं. फायसेला तितकी विध्वंसक नाही. पण ती सांडपाणी साफ करते असंही नाही. शेवाळ खरवडते, त्याची विष्ठा तिथेच टाकते.

भातखाचर, तुमच्या फोटोची वाट बघतोय. अंडी दिसली का तेही सांगा. पाण्याच्या वर, काडीला किंवा बांधाला भडक गुलाबी घोस असतील तर मात्र तातडीने कृषी अधिकाऱ्यांना दाखवा.

तिरकस_जोशी
जरा उलट बाजू. परकीय, आक्रमक, घुसखोर... ही भाषा ऐकली की माझे कान टवकारतात. मिरची परकीय, बटाटा परकीय, टोमॅटो परकीय. साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचा, म्हणजे आपली चतुर्थी उपऱ्या खिचडीवर चाललीये. दोनशे वर्षांत ही गोगलगाय युरोपात मुरली, आपल्याकडे मुरेल. निसर्ग आपलं आपण बघून घेतो.

कडूकारलं
असहमत. बटाटा चाकणहून आपल्या पायांनी चालत नदीत उतरत नाही.

शंखनाद
जोशीबुवा, तुमच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. परका म्हणजे वाईटच असं नाही. २०२३ मध्ये आंतरसरकारी जैवविविधता मंचाचा जो अहवाल आला त्यात माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक जाती मोजल्यात, त्यातल्या साडेतीन हजारांवर खरोखर उपद्रवी. बाकीच्या गप राहतात.

आणि आपणही निर्यात केलीयेच की. मेलॅनॉइडिस ट्यूबरक्युलाटा, लांबुडकी, मनोऱ्यासारखी, कवचावर तांबूस ठिपके. आपल्या ओढ्यांत पूर्वापार आहे, अजूनही वाळूत सापडते. मत्स्यालयांच्या मार्गाने ती अमेरिकेत गेली आणि तिथे ती घुसखोर ठरलीये. माद्या नराशिवाय पिल्लं देतात, तीही थेट चालती-फिरती. मार्टिनिक बेटावर मात्र तिला मुद्दाम वापरलं, कारण तिने रोगवाहक गोगलगायींना हुसकावून लावलं. एकच जात एका देशात भूमिपुत्र, दुसऱ्यात घुसखोर, तिसऱ्यात आरोग्यसेविका.

पण 'निसर्ग बघून घेतो' याला माझा विरोध. हवाईत शंखी गोगलगाय आवरायला १९५५ मध्ये दुसरी शिकारी गोगलगाय सोडली, युग्लँडिना. तिने शंखीला सोडलं आणि हवाईच्या देशी गोगलगायी खाल्ल्या. तरी शहाणपण आलं नाही. १९७७ मध्ये तीच मोरेआ बेटावर सोडली आणि दहा वर्षांत तिथल्या पार्टुला नावाच्या सुंदर देशी गोगलगायी जंगलातून नाहीशा झाल्या. निसर्गाने बघून घेतलं, पण कुणाचा बळी देऊन?

मुक्ता१२
वाचनखूण साठवली आहे. गोगलगायींवर इतकं वाचेन असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

टवाळ_टिकोजी
गोगलगाय नि पोटात पाय. पायांचा पत्ता नाही आणि मॅडम अमेरिका ते म्हात्रे पूल फिरून आल्या. आमचा पासपोर्ट रिन्यू होत नाहीये.

शनवारातले_आजोबा
तुम्ही सगळे लेकरं आहात. मी पानशेतच्या पुराआधीची मुठा पाहिलेली. ओंकारेश्वरापाशी पोहायला शिकलो. तळाला वाळू दिसायची. पायाला लागायचे ते मोठे शिंपले, आतून मोत्यासारखी चमक असलेले. आई त्याने कैरी सोलायची, शिंपल्याला मधे घासून भोक पाडलं की झालं सोलाणं. गोल, गुटगुटीत, हिरवट गोगलगायी असत, घाटाच्या पायऱ्यांना, त्यांना दार असे. हात लावला की टप्पकन दार मिटे. ही डावरी बया मी लहानपणी पाहिलेली नाही. पुरानंतर काय काय गेलं ते मोजायला कुणाला सवड होती? घरंच वाहून गेली होती.

कडूकारलं
आजोबा, कैरी सोलायचा शिंपला आमच्याकडे अजून आहे. आजीचा. पीलर घरात असताना आई लोणच्याच्या कैऱ्यांना तोच घेते.

दापोलीची_सून
अवांतर: आम्ही तिसऱ्या आणि खुबे खातो, नदीतल्या गोगलगायी कुणी खातं का? चांगला मसाला लावला तर प्रश्नच मिटेल.

गुरांचा_डॉक्टर
ताई, मुठेतलं काहीही खाऊ नका, मसाला कितीही चांगला असला तरी.

आता माझ्या विषयावर आलोच आहे तर. पशुवैद्यक म्हणून मला गोगलगायीची भीती पिकापेक्षा रोगामुळे वाटते. पर्णकृमीला, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी जंताला, वाढीच्या मधल्या टप्प्यात गोगलगाय लागते. लिम्नियाच्या अंगात तो वाढतो, तिथून बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतो, गवत म्हशीच्या पोटात जातं आणि तो यकृतात घर करतो. पावसाळ्यानंतर मावळ-मुळशीकडे जनावर खंगतं, दूध आटतं, जबड्याखाली पाणी उतरतं. मालक म्हणतो नजर लागली. दुसरी इंडोप्लॅनॉर्बिस, गोल चपट्या चकतीसारखी, ही आपली देशीच. हिच्या अंगात रक्तातले पर्णकृमी वाढतात, त्यातला एक जनावराच्या नाकात बसतो आणि ते घोरायला लागतं.

माणसाचंही सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी गाव. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी तिथल्या माणसांच्या लघवीत शिस्टोसोमाची, म्हणजे रक्तातल्या पर्णकृमीची, अंडी दाखवली. हा आफ्रिकेतला म्हणून माहीत असलेला रोग, आणि आपल्या कोकणात! संशय गेला फेरिसिया नावाच्या, दगडाला चिकटणाऱ्या अगदी चिमुकल्या गोगलगायीवर. तेव्हा कुठली गोगलगाय कुठे पसरतेय याची नोंद ठेवणं हा छंद नव्हे, गरज आहे.

फायसेला पर्णकृमीची मुख्य वाहक नाही, हे मीराताईंच्या समाधानासाठी. पण रबरी मोजे घाला. गोगलगायीसाठी नव्हे, पाण्यासाठी.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीच्या कमळाच्या कुंडात ह्याच आहेत. माळी म्हणाला मोरचूद टाकतो, दोन दिवसांत साफ. नदीतही महापालिकेने मोरचूद सोडलं तर? एकदाच खर्च, विषय संपला.

काचपेटी
सेक्रेटरीसाहेब, कृपा करून नको! मोरचुदातलं तांबं गोगलगायीला मारतं तसं माशांनाही मारतं. कुंडातले डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे मेले की पुढच्या महिन्यात डासांच्या तक्रारी घेऊन लोक तुमच्याच दारात.

शंखनाद
वाहत्या नदीत विष टाकणं तर कल्पनाच सोडा. गोगलगायींसाठी जागतिक आरोग्य संघटना ज्या औषधाची शिफारस करते ते निक्लोसामाइडसुद्धा माशांना विषारीच. ते रोगाच्या जागी, ठरावीक पाण्यात, मोजून वापरतात. आणि फायसेला नाल्यांत, गटारांत, कुंडांत सगळीकडे आहे. नदीतल्या मारल्यात तरी पहिल्या पावसात आंबिल ओढ्यातून नवी फौज येईल.

कुंडासाठी साधा उपाय: रात्री कोबीचं पान पाण्यावर सोडा, सकाळी खाली चिकटलेल्या गोगलगायींसकट उचला. चार-सहा आठवडे रोज. अंड्यांचे गोळे पानांच्या मागून बोटाने खरवडा. कमळाचं नवीन रोप आणाल तेव्हा काचपेटींचा तुरटीचा उपाय.

सोसायटी_सेक्रेटरी
रोज कोबीचं पान म्हणजे मेंटेनन्स वाढवावा लागेल. 🙂

पक्षीवेडा
पुण्याजवळ कवडीच्या पाटावर मुग्धबलाक हा करकोचा बघतो आम्ही. त्याच्या चोचीच्या दोन भागांमध्ये फट असते, मिटली तरी उजेड दिसतो. त्याचं मुख्य खाणं पायला, ही आपली देशी मोठी ॲपल गोगलगाय. चोचीचं टोक दारापाशी घुसवून आतलं मांस अख्खं बाहेर ओढतो, कवच फोडत नाही. थायलंडमध्ये ती सोनेरी गोगलगाय आल्यावर त्याची चंगळ झाली, संख्या वाढली. म्हणजे घुसखोर कुणाच्या तरी ताटात पडतोच.

फायसेला मात्र त्याच्या मापाची नाही. तिला बदकं आणि पाणकोंबड्या खात असाव्यात, पण त्यांनी ती संपेल असं वाटत नाही.

भातखाचर
फोटो टाकले. तीन प्रकार निघाले. गुलाबी अंडी कुठेच नाहीत. बांधाच्या कडेला ओल्या मातीत खळग्यात पांढरट अंडी सापडली, साबुदाण्यापेक्षा मोठी.

शंखनाद
झकास काम केलंत! पांढरी अंडी आणि तो मोठा गोल हिरवट शंख म्हणजे पायला, देशी, पक्षीवेड्यांच्या करकोच्याची. तिला मारू नका. दुसरी, दार असलेली, आडवे पट्टे असलेली मध्यम, ती बेलामिया. हिला कल्ले असतात, प्राणवायू लागतो, ती अंडी न घालता मोजकी जिवंत पिल्लं देते. तिसरी चपटी चकती, डॉक्टरसाहेबांची घोरणारी. रोपं कोण कुरतडतंय ते दिवसा कळणार नाही. रात्री बॅटरी घेऊन बांधावर जा. खेकडे, उंदीर आणि जमिनीवरची शंखीही संशयितांच्या यादीत ठेवा. आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्या पाणी भरलेल्या खाचरात टाकू नका.

आजोबा म्हणाले ती घाटावरची दारवाली म्हणजे पायला किंवा बेलामिया असणार.

गुरांचा_डॉक्टर
+१. आणि म्हशी खाचरातून चारायला सोडत असाल तर पावसाळ्यानंतर शेण तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं.

तिरकस_जोशी
मग मूळ प्रश्नाचं काय? धागा कोकण, हवाई, लातूर फिरून आला. मीराताई अजून हातात पोतं घेऊन उभ्या आहेत.

एरंडवणेकर_मीरा
हो ना! सगळं वाचलं. शंखनाद सर, सरळ सांगा, वेचू की नको?

शंखनाद
मुद्दाम मारण्यासाठी वेचू नका. पण कचऱ्याबरोबर येतील त्या परत पाण्यातही झटकू नका. जलपर्णी काढता तेव्हा ढीग काठालाच रचता ना? तो पाण्यापासून लांब, उन्हात पसरा. फायसेलाला दार नाही, कडक उन्हात ती फार तग धरत नाही. काठाला ढीग ठेवलात तर धरणाच्या पुढच्या विसर्गात ढीग आणि गोगलगायी दोन्ही बंडगार्डनला.

त्यापेक्षा मोजा. बिनकण्याच्या जिवांवरून नदीची तब्येत ठरवायची एक ब्रिटिश पद्धत आहे, आपल्याकडेही तिची रूपांतरं वापरतात. जीव किती नाजूक त्यावरून त्याच्या कुळाला एक ते दहा गुण. गांडुळांच्या नात्यातले जंत एक, डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या दोन, फायसेलाचं कुळ तीन, बेलामियाचं कुळ सहा, आणि अगदी निर्मळ खळाळत्या पाण्यातले स्टोनफ्लाय दहा. तुमच्या गटाने एक दिवस खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, एक दिवस विठ्ठलवाडीला, एक दिवस म्हात्रे पुलापाशी, सारख्याच आकाराचे दगड उलटून पाहायचे. कुठली गोगलगाय कुठे संपते आणि फायसेला कुठे सुरू होते, ते लिहून ठेवायचं. तुमच्या गटातल्या वादाला तिथेच उत्तर मिळेल. माझा अंदाज, नाले मिळायला लागले की दारवाल्या गायब.

कडूकारलं
म्हणजे बया आजार नाही, ताप आहे. थर्मामीटर फोडून उपयोग नाही.

तिरकस_जोशी
मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हणालो होतो, पण तेव्हा कुणी +१ दिलं नाही.

काचपेटी
जोशीसाहेब, तुम्ही नंतर साबुदाण्यावर घसरलात ना.

मात्र 'सगळा दोष सांडपाण्याचा' हेही मला पूर्ण पटत नाही. उद्या नदी स्वच्छ झाली तरी टाकलेली पोमेशिया तिथे मजेत राहील, तिला तर वनस्पती असलेलं चांगलं पाणी जास्त मानवतं. दोन वेगळे प्रश्न आहेत. सांडपाणी थांबवणं आपल्या हातात नाही, टाकी न ओतणं आहे. आता कायदाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परकीय आक्रमक जातींची व्याख्या आली, त्यांची आयात, विक्री, बाळगणं यावर निर्बंध घालायचे अधिकार केंद्राला मिळाले. दुकानात कुणी वाचलाय असं दिसत नाही, ते सोडा.

शंखनाद
काचपेटी, हा मुद्दा मान्य. फायसेला आली आहे, ती आता जात नाही. पुढची येऊ न देणं हेच स्वस्त.

एरंडवणेकर_मीरा
ठरलं मग. येत्या रविवारी जलपर्णीचा ढीग वर पदपथाजवळ. मोजणीसाठी विठ्ठलवाडीपासून सुरुवात करतो, कुणाला यायचं असेल तर निरोप टाका. सर, तुम्ही आलात तर फारच बरं, डावं-उजवं आमच्यात अजून तिघांना उलटंच कळतंय.

शंखनाद
येतो. भिंग आणतो. पांढरा ट्रे तुम्ही आणा, घरातला जुना चालेल.

टवाळ_टिकोजी
मीही येतो. संथ गतीच्या कामाचा सरकारी अनुभव आहे.

नवी_पालवी
नमस्कार, मी इथे नवीन. सगळा धागा वाचून घाबरून टाकी बघितली. मुलाच्या टाकीत दोन पिवळ्या मोठ्या गोगलगायी आहेत, दुकानदाराने 'मिस्ट्री'च म्हणून दिल्या. आज झाकणाला आतून, पाण्याच्या वर, फिकट गुलाबीसर दाण्यांचा घोस लागलाय. नळाखाली धुऊन टाकू का?

काचपेटी
नळाखाली नको, ताई! मोजे घालून पट्टीने खरवडा, कागदात घेऊन चिरडा, पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात. काही जातींच्या अंड्यांत विषारी प्रथिनं असतात, म्हणून उघड्या हाताने नको आणि मुलाला त्यावेळी लांब ठेवा. ओला असतानाचा घोस मऊ असतो आणि पसरतो, थोडा थांबून कडक होऊ द्या, मग एका तुकड्यात निघतो. झाकण रोज बघायचं, मादी पुन्हा पुन्हा घालते. आणि टाकीचं पाणी बदललं की ते मोरीत नाही, कुंड्यांना. झाडांना आवडतं.

नवी_पालवी
धन्यवाद. मुलगा म्हणतोय त्यातल्या एकीचं नाव पिंकी आहे, तिची अंडी कशी चिरडायची.

काचपेटी
पिंकीला राहू दे टाकीत. फक्त कंटाळा आला तर पुलावर नेऊ नका, मला निरोप टाका. माझ्याकडे जागा आहे.